रायफलची काडतुसं निवडताना: कुठली पुंगळी पुन्हा भरता येते आणि कुठली भंगारात जाते

रीलोडिंगचा, म्हणजे उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याचा, प्रेस टेबलाला पक्का केला, पुंगळीला मूळ आकार देणारा साचा म्हणजे डाय आली, वजनकाटा आला. मग इतके दिवस साठवलेल्या पुंगळ्यांचा डबा उघडला आणि तिसऱ्या-चौथ्या पुंगळीतच डायमधली पिन मोडली. नव्याने रीलोडिंग करणाऱ्यांकडे हे इतकं नेहमी घडतं की सुटे भाग विकणारे या पिना पाकिटानेच विकतात. चूक मात्र प्रेसवर झालेली नसते. ती काही महिन्यांपूर्वी, दुकानात सगळ्यात स्वस्त खोका उचलताना झालेली असते.

आधी शब्द ठरवून घेऊ. बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो, इथे तसं केलं तर घोटाळा होईल. काडतूस म्हणजे पूर्ण वस्तू. तिच्या टोकाला बसवलेला आणि नळीतून बाहेर जाणारा धातूचा तुकडा ती गोळी. मागे उरते ती पुंगळी. पुंगळीच्या बुडात ठोकरलं की ठिणगी टाकणारी छोटी टोपी म्हणजे प्राइमर, आणि आत जळते ती पावडर. यातली गोळी, पावडर आणि प्राइमर एकदा उडाले की संपले. पुन्हा वापरता येते ती फक्त पुंगळी, आणि काडतुसाच्या किमतीचा मोठा भाग तिचाच असतो.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, रेंजवर किंवा शिकारीला रायफल वापरणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, विकण्याचा धंदा करायचा तर लागतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. तेव्हा यातलं काहीही भारतात करून बघू नका.

टप्पा १: दुकानात जाण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा

हा टप्पा गाळला जातो आणि तोच सगळ्यात महागात पडतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध, मुदतीतला शिकार परवाना. ग्रीनकार्डधारकाला ही बंदी लागू नाही. राज्याचे नियम याच्यावर वेगळे.

गोम अशी की त्या कायद्यातल्या ‘काडतूस’ या व्याख्येत सुटी पुंगळी, प्राइमर, गोळी आणि पावडर हे चारही येतात. म्हणजे रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी घरी ठेवणं हेसुद्धा बाळगणंच. शिकार परवान्याची मुदत संपली तर अपवादही संपतो, हे लक्षात ठेवून तारीख कॅलेंडरवर लावून ठेवा.

*सावधान:* रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला वापरू नका. भारतीय कायद्यात काडतुसाचे भागही दारूगोळ्यातच मोजले जातात. अस्तरात अडकून राहिलेली एक पुंगळी विमानतळावर एक्स-रेत दिसते आणि पुढचा दिवस खुलासे देण्यात जातो.

टप्पा २: बॅरलवर काय कोरलंय ते वाचा, आकड्यावर जाऊ नका

काडतुसाचं नाव म्हणजे आकडा आणि त्यापुढचे शब्द, दोन्ही मिळून. नुसतं ‘तीनशे’ किंवा ‘सात पॉइंट बासष्ट’ म्हणून खोका मागणं म्हणजे आडनाव सांगून माणूस शोधण्यासारखं. .३०० ब्लॅकआउट, .३०० सॅवेज आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ही तीन पूर्णपणे वेगळी काडतुसं आहेत. ७.६२×३९, ७.६२×५१ आणि ७.६२×५४आर हीसुद्धा वेगळी. त्यांच्या गोळ्यांचा व्याससुद्धा सारखा नाही: ७.६२×५१ ची गोळी .३०८ इंच असते, ७.६२×३९ ची साधारण .३१० ते .३११.

मुद्दाम लक्षात ठेवायच्या जोड्या:

.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६×४५ नाटो. दोन्ही दिसायला सारखी. ५.५६ चं चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) असलेल्या रायफलीत .२२३ चालतं. उलट नाही. .२२३ च्या चेंबरमध्ये गोळीपुढची मोकळी जागा कमी असते, त्यामुळे ५.५६ उडवलं की दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. बॅरलवर ‘.२२३ वाइल्ड’ असेल तर दोन्ही चालतात.

.३०८ विंचेस्टर आणि ७.६२×५१ नाटो. आधुनिक बोल्ट रायफलीत सहसा अडचण येत नाही. जुन्या लष्करी रायफलीत मात्र हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) आणि पुंगळीचा खांदा (गोळी धरणाऱ्या मानेखालचा उतार) जिथे टेकतो ती जागा यातलं अंतर, जास्त सैल असू शकतं. मग पातळ भिंतीची व्यापारी .३०८ पुंगळी ताणली जाते. अशी रायफल असेल तर आधी गनस्मिथकडून गेज लावून घ्या.

.३०० ब्लॅकआउट आणि .२२३. ही जोडी सगळ्यात घातक. दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात, एकाच बोल्टवर चालतात. आखूड गोळीचं ब्लॅकआउट .२२३ च्या चेंबरमध्ये ढकललं जाऊ शकतं. मग .३०८ इंचाची गोळी .२२४ इंचाच्या नळीत शिरायला बघते आणि रायफल फुटते. दोन्ही रायफली बाळगत असाल तर मॅगझिनवर रंगीत पट्ट्या लावा आणि रेंजवर एका वेळी एकच घेऊन जा.

ट्यूब मॅगझिनची .३०-३० लिव्हर रायफल. यात काडतुसं एकापुढे एक झोपलेली असतात आणि मागच्याचं टोक पुढच्याच्या प्राइमरला टेकतं. त्यामुळे चपट्या टोकाची गोळी किंवा खास या रायफलींसाठी केलेली मऊ रबरी टोकाची गोळीच घ्यायची. टोकदार धातूची गोळी नाही.

एम-१ गॅरंड. ही .३०-०६ असली तरी जड गोळ्या आणि सावकाश जळणाऱ्या पावडरीची शिकारी काडतुसं तिचा ऑपरेटिंग रॉड वाकवू शकतात. खोक्यावर गॅरंडसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

*तपासा:* बॅरलवरचं नाव, खोक्यावरचं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का. तिन्ही जुळले तरच पुढे.

टप्पा ३: गोळीचं वजन नळीच्या पिळाशी जुळवा

वजन ग्रेनमध्ये लिहितात, एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. .२२३ मध्ये ५५ ग्रेनची गोळी म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. जड गोळी लांब असते आणि लांब गोळीला स्थिर उडायला जास्त वेगाने फिरावं लागतं. म्हणून पीळ, म्हणजे नळीच्या आतल्या सर्पिल खाचांचा वळसा, महत्त्वाचा. १:१२ म्हणजे बारा इंचांत एक फेरा. .२२३ साठी ढोबळ हिशोब असा: १:१२ ला ५५ ग्रेनपर्यंत, १:९ ला सुमारे ६९ पर्यंत, १:७ ला ७७ पर्यंत.

पीळ कोरलेला नसेल तर रायफल रिकामी असल्याची खात्री करून साफ करायची सळई घ्या. तिची मूठ फिरणारी हवी. घट्ट चिंधी लावून सळई थोडी आत ढकला, नळीच्या तोंडाशी सळईवर चिकटपट्टीची खूण करा आणि सळई कुठल्या बाजूला आहे ते दाखवणारी दुसरी खूण वर करा. आता हळूहळू ढकलत राहा. वरची खूण पूर्ण फिरून पुन्हा वर आली की थांबा. सळई जेवढे इंच आत गेली तेवढा पीळ. दोन-तीनदा मोजा, कारण चिंधी सैल असेल तर सळई घसरते आणि आकडा फुगतो.

पीळ चुकला तर लक्ष्यावर गोल भोकाऐवजी लांबट, किल्लीच्या भोकासारखी खूण दिसते. गोळी आडवी होऊन आदळल्याची ती खूण. नेम चुकतोय म्हणून दुर्बीण हलवत बसू नका, वजन बदला.

प्रकार थोडक्यात. सरावाला फुल मेटल जॅकेट, म्हणजे वरून धातूचं पूर्ण आवरण (जॅकेट) असलेली. शिकारीला फुगणारी, म्हणजे सॉफ्ट पॉइंट किंवा प्लास्टिक टोकाची. बऱ्याच राज्यांत शिकारीला फुल मेटल जॅकेट चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच चालत नाही. रेंजवाले गोळीला चुंबक लावून बघतात. पोलादी गाभा किंवा पोलादावर तांब्याचा मुलामा असलेलं जॅकेट चिकटलं तर परत पाठवतात.

टप्पा ४: खोका घेण्याआधी पुंगळी निवडा

इथे खरा निर्णय होतो. पुन्हा भरायची असेल तर तीन गोष्टी हव्यात: सेंटरफायर (प्राइमर बुडाच्या मधोमध असलेली), पितळ, बॉक्सर प्राइमर (कसा ते खाली येतंच).

रिमफायर, म्हणजे .२२ लाँग रायफल, .१७ एचएमआर वगैरे, बाद. त्यांच्यात प्राइमरचं रसायन पुंगळीच्या कडेच्या आतल्या घडीत असतं आणि रायफलीची पिन ती कडच चेपते. बदलायला वेगळा प्राइमरच नाही. या पुंगळ्या साठवण्यात काही अर्थ नाही.

पोलादी पुंगळीवर लाख, पॉलिमर किंवा जस्ताचा थर असतो. बॉक्सर प्राइमर असेल तर ती एखाद-दोनदा भरता येते असं म्हणणारे भेटतील. पण पोलाद पितळासारखं पुन्हा आकार घेत नाही, डाय झिजवतं, गंजतं, आणि वाचतात ते पैसे नगण्य. सोडून द्या. फसगत होते ती पितळी मुलाम्याच्या पोलादी पुंगळीने. रंगावर विसंबू नका. दुकानात जाताना खिशात फ्रिजवरचं चुंबक न्या, काम भागतं.

ॲल्युमिनियम बाद, ते एकाच वापरापुरतं असतं. निकेलचा मुलामा दिलेलं पितळ भरता येतं, पण त्याची मान लवकर तडकते. दोन तुकडे जोडून केलेल्या नव्या पद्धतीच्या पुंगळ्यांना वेगळी डाय लागते, सुरुवातीला त्यांच्या नादी लागू नका.

आता प्राइमर. बॉक्सर पद्धतीत ऐरण, म्हणजे प्राइमरचं रसायन जिच्यावर चेपलं जातं तो टेका, प्राइमरच्या आतच असते आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असतं. डायची पिन त्या भोकातून जाऊन जुना प्राइमर बाहेर ढकलते. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच उंचवटा असतो आणि त्याच्या बाजूंना दोन बारीक भोकं. मधोमध भोक नसल्यामुळे पिन थेट उंचवट्यावर आदळते. सुरुवातीला मोडलेली पिन ती हीच. गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चालते ती बॉक्सरची पद्धत.

खोक्यावर ‘रीलोडेबल’ किंवा ‘बॉक्सर प्राइम्ड’ लिहिलेलं शोधा. जुना लष्करी साठा घेत असाल तर प्राइमर क्षारयुक्त आहे का तेही विचारा. पोटॅशियम क्लोरेटच्या प्राइमरमुळे नळीत मीठ उरतं आणि ते हवेतली ओल ओढून नळी गंजवतं. ते तेलाने निघत नाही. आधी पाण्याने धुऊन काढायचं, मग कोरडं करून तेल.

भारतीय बनावटीची जुनी लष्करी काडतुसंही अमेरिकेच्या बाजारात फिरतात. बुडावर ‘केएफ’ म्हणजे खडकी, ‘ओएफव्ही’ म्हणजे वरणगाव. ली-एन्फिल्ड ही जुनी .३०३ लष्करी रायफल बाळगणाऱ्या मराठी माणसाला हा शिक्का बघून हुरूप येणं स्वाभाविक आहे. पण गावचा शिक्का आहे म्हणून भरायच्या डब्यात टाकू नका, एक पुंगळी उडवून टॉर्चने आत बघितल्याशिवाय काही ठरवू नका.

*तपासा:* एकाच लॉट नंबरचे दोन-तीन खोके एकदम घेतले तर नेमही सारखा येतो आणि पुढे पुंगळ्याही एकसारख्या मिळतात.

टप्पा ५: रेंजवरून काय उचलायचं

स्वतः उडवलेल्याच पुंगळ्या घ्या, आणि रेंजचा नियम आधी विचारा. काही ठिकाणी जमिनीवर पडलेलं पितळ रेंजच्या मालकीचं असतं. दुसऱ्याच्या पुंगळीला किती वापर झालाय, कुठल्या सैल चेंबरमधून ती निघाली, हे कळायला मार्ग नाही.

उचलताना पुंगळ्यांत न उडालेलं काडतूस मिसळलं नाही ना ते प्रत्येक मुठीला बघा. चाप ओढून काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा. आवाज दबका आला तर पुढचं काडतूस चढवायचं नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा.

दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं, मग देणारा कितीही जवळचा असो, उडवू नका.

टप्पा ६: चाळणी, आणि हा क्रम सोडू नका

लोक आधी धुतात आणि मग निवडतात. तसं केलं की बर्डन आणि पोलादी पुंगळ्या चकाचक होऊन पितळात बेमालूम मिसळतात. क्रम असा ठेवा.

१. चुंबक. जुन्या ताटात पुंगळ्या पसरून वरून फिरवा. चिकटेल ते भंगार.

२. टॉर्च. प्रत्येक पुंगळीच्या तोंडातून आत बघा. मधोमध एक स्वच्छ गोल भोक दिसलं तर ठेवा. दोन टोचे आणि मध्ये टेंगूळ दिसलं तर बाजूला. भोकात खडा किंवा माती अडकली असेल तर आताच काढा.

३. नाव आणि तोंड, दोन्ही. बुडावरचा शिक्का खोटं बोलू शकतो. .३०० ब्लॅकआउटच्या पुंगळ्या बऱ्याचदा .२२३ च्या पुंगळ्या कापून केलेल्या असतात. बुडावर ‘.२२३’, तोंड मात्र रुंद आणि उंची कमी. शेजारी एक खरी .२२३ उभी करून ठेवली की वेगळी पुंगळी लगेच डोळ्यांत भरते.

४. प्राइमर काढणे. फक्त प्राइमर काढणारी साधी डाय मिळते, ती वापरा. मळकी पुंगळी आकार देणाऱ्या डायमध्ये घातली तर वाळूचा एक कण डायवर कायमचा ओरखडा ठेवतो.

५. धुणे. आता.

*सावधान:* प्राइमरच्या राखेत शिसं असतं. धुण्याचं काम बाहेर किंवा गॅरेजमध्ये, हातमोजे घालून करा. मुलं जवळ नकोत. स्वयंपाकघरातली चाळणी किंवा पातेलं वापरलंत तर ते परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. काम झाल्यावर हात थंड पाणी आणि साबणाने धुवा.

वाळवायला ओव्हन नको. अन्नाच्या ओव्हनमध्ये शिसं जातं हे एक, आणि जास्त तापून बूड मऊ झालेली पुंगळी दाब सोसत नाही हे दुसरं, ते अधिक धोक्याचं. जुन्या चादरीवर उन्हात वाळवणासारख्या पसरा.

टप्पा ७: एकेक हातात घेऊन बघणे

मानेपासून सुरू करा. नख फिरवलं की केसाएवढी चीरही लागते. चीर असेल तर बाद. अर्धस्वयंचलित रायफलीतून बाहेर फेकली जाताना तोंडाला पडलेला पोचा चालतो, तो डायमध्ये निघतो. बुडाजवळचा फुगवटा किंवा काळी जळाल्याची रेघ चालत नाही.

मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी. बुडाच्या थोडं वर, साधारण पाव ते अर्ध्या इंचात, पुंगळीभोवती चकाकती कडी दिसते का बघा. तिथे भिंत ताणून पातळ झालेली असते आणि पुढच्या वेळी पुंगळी तिथेच तुटू शकते, बूड बाहेर येतं आणि धड चेंबरमध्ये अडकतं. शंका आली तर पेपरक्लिप सरळ करा, टोकाला दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवा, ते टोक आतल्या भिंतीला टेकवून तळापासून वर ओढा. भिंत गुळगुळीत असेल तर टोक सरकत येतं. आत खाच पडली असेल तर तिथे अडखळतं, बोटाला स्पष्ट कळतं. तशी एक सापडली तर तेवढ्याच वेळा वापरलेल्या सगळ्या तपासा.

याचं कारण बहुतेक वेळा डाय असते. ती गरजेपेक्षा खाली बसवली की पुंगळीचा खांदा दरवेळी फार मागे जातो, आणि दरवेळी उडताना पुंगळी तेवढी पुन्हा ताणली जाते. बोल्ट रायफलीसाठी खांदा इंचाच्या दोन-तीन हजारांश भागाएवढा मागे गेला तरी पुरे. अर्धस्वयंचलितला थोडा जास्त. .३०३ ली-एन्फिल्डवाल्यांनी ही तपासणी कधीच टाळू नये, तिथे हा त्रास ठरलेला.

टप्पा ८: प्राइमरची खोबण आणि लांबी

लष्करी पुंगळीत प्राइमर निखळू नये म्हणून खोबणीची कड चेपलेली असते. बुडावर ‘एलसी’ आणि वर्तुळातली फुली असेल तर ही चेप गृहीत धरा. ती न काढता नवा प्राइमर दाबला तर तो तिरका होतो, चेमटतो, क्वचित तिथेच उडतो. रीमरने (कड खरवडून काढणाऱ्या हत्याराने) किंवा दाबून सारखी करणाऱ्या हत्याराने ती काढा. पण खोबण रुंद करू नका. नवा प्राइमर नुसत्या अंगठ्याने आत सरकला तर ती पुंगळी बाद.

प्राइमर दोन मापांचे: लहान .१७५ इंच, मोठा .२१०. .२२३ ला लहान, .३०८ ला सहसा मोठा. ‘सहसा’ म्हणायचं कारण, .३०८ च्या काही मॅच (स्पर्धेसाठीच्या) पुंगळ्यांना लहान खोबण असते. ६.५ क्रीडमूर तर दोन्हींत मिळतं. दोन प्रकार एका डब्यात गेले की प्रेस अडतो, म्हणून आताच वेगळे करा.

कंपन्याही वेगळ्या ठेवा. ७.६२ नाटोच्या पुंगळीची भिंत व्यापारी .३०८ पेक्षा जाड असते, आतली जागा कमी. तेवढीच पावडर टाकली तर दाब जास्त. पुंगळी बदलली की पावडरीचं प्रमाण छापील पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यावर परत आणायचं.

लांबी आकार दिल्यानंतर मोजा, आधी नाही, कारण डायमधून काढताना पुंगळी वाढते. कमाल आणि कापायची लांबी इंचात: .२२३ साठी १.७६० आणि १.७५०, .३०८ साठी २.०१५ आणि २.००५, .३०-०६ साठी २.४९४ आणि २.४८४. कमाल लांबी ओलांडली तर मान चेंबरच्या टोकाला टेकून गोळीला चिमटते आणि दाब चढतो. कापल्यावर तोंडाची आतली-बाहेरची धार मोडा.

उरलेल्या चांगल्या पुंगळ्या कंपनी आणि वापराच्या संख्येनुसार डब्यांत ठेवा, झाकणावर मार्करने लिहा: काडतूस, कंपनी, कितव्यांदा. बाद झालेल्यांचं तोंड तिथल्या तिथे पक्कडीने चेपून टाका, म्हणजे त्या चुकून परत चांगल्यांत येत नाहीत आणि भंगारवाल्याकडून दुसऱ्या कुणाच्या प्रेसवरही जात नाहीत.